विडी, हृदयविकार आणि पक्षाघात

सिगारेटपेक्षा विडी बरी, असे मानणाऱ्यांची संख्या आजही मोठी आहे. विडीत तंबाखू थोडी, वर गुंडाळलेले पान झाडाचे आणि किंमत खिशाला परवडणारी; त्यामुळे तिच्यापासून फारसे नुकसान संभवत नाही, असा हा समज. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारखे गाव असो वा मुंबईचा कामगार विभाग, तो सर्वत्र सारखाच दिसतो. त्यात भर म्हणजे, तंबाखू म्हटली की लोकांना केवळ कर्करोग आठवतो. प्रत्यक्षात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य हृदयविकार आणि पक्षाघातामुळेही मोठ्या प्रमाणावर घटते आणि या बाबतीत विडीला कोणतीही सवलत मिळत नाही.

विडीचे पान तेंदूचे, म्हणजेच टेंभुर्णीचे असते. सिगारेटच्या कागदाला सूक्ष्म छिद्रे असतात, तशी या पानाला नसतात. त्यामुळे विडी नीट जळत नाही, वारंवार विझते आणि ती पेटती ठेवण्यासाठी ओढणाऱ्याला अधिक वेळा व अधिक खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी तंबाखू कमी असूनही विडीच्या धुरातून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त प्रमाणात शरीरात जाऊ शकतात.

हा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साहजिकच हृदयाच्या स्नायूला मिळणारा प्राणवायू कमी होतो. त्याच वेळी निकोटीनमुळे नाडीची गती व रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. धुरातील इतर घटक रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतात. तेथे चरबीचे थर साचू लागतात. शिवाय रक्तातील बिंबिका अधिक चिकट होऊन गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. अशी गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात होतो. धूम्रपानामुळे मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटून रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो.

भारतासह ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार केवळ विडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता तंबाखू कधीही न वापरणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट (२.८९ पट) आढळली. मुंबईत १९९० च्या दशकात पस्तिशी ओलांडलेल्या सुमारे दीड लाख नागरिकांची नोंद करून त्यांचा पुढे मागोवा घेण्यात आला, त्याचे निष्कर्षही बोलके आहेत. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूची जोखीम ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी जास्त होती. ‘गरिबाची निरुपद्रवी विडी’ ही कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘दिवसातून एखादीच ओढतो’ हे समर्थनही असेच फसवे आहे. १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराची जोखीम ४८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वीस सिगारेटी ओढणाऱ्यांत ही वाढ १०४ टक्के होती. म्हणजे संख्या वीसपटीने कमी करूनही वाढीव धोका जेमतेम निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा हिशेब येथे लागू पडत नाही, ही बाब अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

पक्षाघाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती वेळेची. तोंड अचानक वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची मुख्य लक्षणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. शहरातही हा वेळ वाहतुकीत आणि ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ अशा सल्ल्यात निघून जातो. कोरीटसारख्या गावातून ही सोय असलेले रुग्णालय गाठायचे, तर निर्णयातील प्रत्येक विलंब महागात पडतो.

महाराष्ट्रात धुराचे प्रमाण तुलनेने कमी आहे, हेही नमूद करायला हवे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. विडी सोडून तंबाखू मळू लागलेली माणसे ओळखीत असतातच! मात्र ‘इंटरहार्ट’मध्ये केवळ तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक (२.२३ पट) होती. त्यामुळे या अदलाबदलीला व्यसनमुक्ती म्हणता येणार नाही.

धूम्रपान थांबवल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो. झटक्याचा धोका पहिल्या काही वर्षांतच लक्षणीयरीत्या घटतो. पक्षाघाताचा धोका सुमारे पाच वर्षांत धूम्रपान न करणाऱ्यांच्या पातळीजवळ येतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासात दिसून आले. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड सर्वाधिक जाणवते; ती पुढील काही आठवड्यांत ओसरते. या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनयुक्त च्युइंगगम, पट्टी किंवा औषधे घेता येतात. केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या नि:शुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते.