भोंग्याखाली ठेवलेला टेप



वारणानगरला एसटीतून उतरलं की आधी कारखान्याचं धुराडं दिसतं. हंगाम असला तर मळीचा वास नाकात बसतो. या खोऱ्याचा इतिहास लिहायला कुणाला अडचण पडत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना, दूध संघ, गावोगाव गाजलेला मुलांचा वाद्यवृंद, सगळ्याचे अहवाल आहेत, फोटो आहेत. 1998 साली तर खोऱ्यातल्या 70 गावांसाठी सरकारनं संगणकाची योजना आणली. कुणाचा किती ऊस गेला, किती बिल झालं, सगळं पडद्यावर. उसाच्या किलोकिलोची नोंद झाली. पण त्याच उसात राबणाऱ्या आमच्या माणसांनी रात्री वस्तीत काय गायलं, त्याची नोंद कुठाय?

नोंद आहे. माझ्या चुलत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. चाळीसेक कॅसेटी. वर निळ्या शाईनं लिहिलेलं: '14 एप्रिल, रात्री'. पुढं साल. चुलता गायक न्हवता, वादक न्हवता. जयंतीच्या कार्यक्रमात भोंग्याखाली टेप ठेवायचा आणि रात्रभर त्याच्याजवळ बसून राहायचा. कॅसेट संपली की उलटायची, एवढंच त्याचं काम. त्याला आम्ही हसायचो.

आज मला वाटतं, वस्तीतला पहिला इतिहासकार तोच.

का, ते सांगतो. आमची चळवळ कागदावर चालली तेवढीच गळ्यावर चालली. जोतिरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला, पुढं त्याचे जलसे गावोगाव फिरले. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ज्याला वाचता येत न्हवतं त्याला बाबासाहेबांचा विचार ढोलकीनं पोचवला. 21 आणि 22 मार्च 1920 ला आमच्याच जिल्ह्यात माणगावची परिषद झाली. शाहू महाराज आले, बाबासाहेब बोलले. ते काय बोलले हे आपल्याला कळतं, कारण 31 जानेवारीलाच 'मूकनायक' निघाला होता. छापणारं पत्र हाताशी होतं. जलशाला असं पत्र न्हवतं. कर्डकांनी 1978 साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून निदान शब्द राहिले. पण पुस्तकात ढोलकी वाजत नाही. कुठल्या ओळीला लोक उठून उभे राहिले, ते पुस्तक सांगत नाही.

आवाज साठवायची सोय आधी होती, पण ती कंपनीच्या हातात. तव्याच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. कुणाला गाऊ द्यायचं ते कंपनी ठरवणार, विकेल ते भरणार. फिलिप्सनं 1963 साली युरोपात कॅसेट काढली. आमच्या वस्त्यांपर्यंत ती यायला पुढचं दशक उजाडलं. वाटेगावच्या, म्हंजे या पट्ट्यातल्याच, अण्णाभाऊंनी 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासंगं लाल बावटा कलापथक काढलं. 18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले. आमच्या हातात टेप आला तो त्यांच्यानंतर. हे अंतर थोड्याच वर्षांचं, पण केवढं नुकसान!

टेप आला आणि पहिल्यांदा रेकॉर्डिंगचं बटण आमच्या बोटाखाली आलं. साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची कॅसेट. परवानगी कुणाची नको. पँथर 1972 साली उभी राहिली, कवी पेटले, नियतकालिकं निघाली. ते सगळं आपण जपतो, त्याच्यावर प्रबंध लिहितो. त्याच काळात गावागावांत गाणाऱ्यांच्या ज्या कॅसेटी भरल्या, त्यांना मात्र आपणच भंगार म्हणतो. हे बरं न्हवं.

वामनदादा कर्डकांचंच बघा. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, 2004 साली गेले. आयुष्यभर गाणी वाटत फिरले. गाणं एकाकडून दुसऱ्याकडं गेलं आणि वाटेत पुष्कळदा कवीचं नाव गळालं. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव असतं. वेळ कमी म्हणून गाणाऱ्यानं ते कडवं सोडलं की गाणं बेवारस झालं. अशा वेळी एखाद्या वस्तीतली, पूर्ण कडवी असलेली जुनी कॅसेट म्हंजे पुरावा. सातबाऱ्याइतका पक्का.

आणि नुसतं गाणंच नसतं त्याच्यात. मधेच वीज जाते. पोरगं रडतं. कुणी ओरडतं, 'परत म्हणा!' शाहीर गावच्या पाणवठ्याचं नवं कडवं तिथंच जोडतो. देणगीदारांची नावं वाचली जातात. कुण्या म्हातारीनं पाच रुपये दिलेत. चळवळ कुणाच्या पैशावर चालली, हे त्या यादीतनं कळतं. स्टुडिओतल्या चकचकीत कॅसेटीत हे सापडणार नाही.

विलास घोगरे आठवा. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. 15 जुलैला या शाहिरानं गळफास घेतला. आज त्यांचा आवाज आपण ऐकतो, कारण आनंद पटवर्धनांनी 1985 च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांना टिपलं होतं. तोच आवाज 2011 च्या 'जयभीम कॉम्रेड'मध्ये परत आला. कुणीतरी वेळेवर बटण दाबलं होतं. तिकडं गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आवाजासकट टेपल्या गेल्या. त्या बायांत बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्याही आहेत. जातं थांबलं, पण ओवी राहिली. 2017 पासून 'परी'नं त्या लोकांपुढं ठेवल्यात. म्हंजे हे होऊ शकतं.

आता कामाचं बोलतो. फीत म्हंजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजाची भुकटी, डिंकासारख्या लेपानं चिकटवलेली. आमच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते. नव्वदची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, लवकर गुंतते. म्हणून सापडलेली कॅसेट घाईनं वाजवू नका. पांढरी बुरशी दिसली तर बाजूला ठेवा, जाणत्याला दाखवा. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या मोडून टाका, म्हंजे तिच्यावर चुकून भरलं जाणार नाही. आतला फेल्टचा तुकडा पडला असेल तर फीत दुसऱ्या डबीत घाला. टेपचं हेड स्पिरिटनं पुसा. मग एकदा पुढं, एकदा मागं गुंडाळून संगणकावर घ्या. 24 बिट, निदान 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. खरखर काढत बसू नका. मूळ आहे तसं ठेवा, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

आवाज चिरका आला तर गायकाला दोष देऊ नका. त्या रात्री टेपचे सेल उतरले होते. फीत हळू फिरली, म्हणून आता जलद वाजते. भोंगा विजेवर असेल तर त्याची घरघर फितीवर उतरलेली असते. ती साधारण 50 हर्ट्झला आणून बसवली की शाहिराचा खरा गळा परत येतो.

तीन प्रती करा, एक दुसऱ्या गावात ठेवा. प्रत्येकीसंगं गाव, साल, गाणारा, वाजवणारा, भरणारा यांची नावं लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना ऐकवून नावं विचारा. आणि गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. आयुष्यभर दुसऱ्यांनी आमचं फुकट नेलं. आपण आपल्याच माणसांचं तसं नेऊ नये.

शेवटी एक कबुली. ट्रंकेतल्या एका कॅसेटीवर बारा वर्षांचा असताना मी सिनेमाची गाणी भरली. चुलत्यानं चकत्या मोडल्या होत्या, मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. त्याला कळलं, पण तो काही बोलला नाही. आता तो नाही. परवा ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. सिनेमाची गाणी संपली आणि उरलेल्या फितीवर दोन मिनिटं जयंती निघाली. देणगीची यादी चाललेली. त्यात माझ्या आजीचं नाव होतं. दोन रुपये.

आजीचा कुठं फोटो नाही. कुठल्या कागदावर तिचं नाव मी पाहिलेलं नाही. पाऊण तासाच्या बाजूतलं बाकी सगळं मी पुसलं. त्यात आणखी कुणाकुणाच्या आज्या होत्या, आता कोण सांगणार?

तुमच्या माळ्यावरची ट्रंक या रविवारी खाली काढा.

जयभीम.