यमाची वही आणि खोडरबर

इतिहास शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खटकायची. राजा काय म्हणाला, सेनापती काय म्हणाला, हे पाठ्यपुस्तकात असते. ज्यांनी ते ऐकले त्या साध्या माणसांना काय वाटले, हे मात्र कुठेच नसते. वाङ्मयाच्या इतिहासातही तेच. लेखकाचा जन्म, ग्रंथांची यादी, मिळालेले मान, की संपले. वाचकाला कोणी विचारत नाही. म्हणून आज एका पुस्तकाचा इतिहास वाचकांच्या बाजूने लिहून पाहते आहे. पुस्तक जपानी आहे, चित्रकथा आहे आणि त्याचे नाव ‘डेथ नोट’. आमच्या नातवंडांना हे नाव सांगायला नको. माझ्या वयाच्या मंडळींसाठी थोडे सविस्तर सांगते.

नातीच्या कपाटातले बाराही भाग मी इंग्रजीतून वाचले, जवळ शब्दकोश ठेवून. ही पुस्तके आपल्या दृष्टीने शेवटच्या पानापासून उघडायची आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. दोन दिवसांत सवय होते.

गोष्ट अशी. लाइट यागामी हा सतरा वर्षांचा, पहिल्या नंबरात येणारा मुलगा. वडील पोलीस खात्यात अधिकारी. र्‍यूक नावाचा एक मृत्युदेव कंटाळा आला म्हणून आपली वही पृथ्वीवर टाकतो आणि ती ह्या मुलाला सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून ज्याचे नाव वहीत लिहावे तो माणूस चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. लोक त्या अदृश्य मारेकर्‍याला ‘किरा’ म्हणू लागतात. ‘किलर’ ह्या शब्दाचा हा जपानी उच्चार. त्याच्या मागावर ‘एल’ नावाचा एक विक्षिप्त गुप्तहेर लागतो. खुनी कोण हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. तो पकडला जाणार का, आणि पकडला जावा असे आपल्याला वाटते का, ह्या दोन प्रश्नांवर सगळी उत्कंठा उभी आहे.

ही कथा डिसेंबर २००३ ते मे २००६ ह्या काळात ‘वीकली शोनेन जम्प’ ह्या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली. लेखन त्सुगुमी ओबा, चित्रे ताकेशी ओबाता. ओबा हे टोपणनाव आहे आणि त्यामागची व्यक्ती कधी उघडपणे लोकांसमोर आलेली नाही. १९६८ साली सुरू झालेल्या ह्या साप्ताहिकाचा खप १९९५ साली ६५ लाखांच्या वर गेला होता. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्याची त्रिसूत्री. अशा साप्ताहिकात नायकच खुनी!

ह्या साप्ताहिकाची एक पद्धत मला फार उद्बोधक वाटली. प्रत्येक अंकात एक पोस्टकार्ड असायचे. अंकातल्या आवडलेल्या तीन कथा लिहून वाचकाने ते परत पाठवायचे. ज्या कथेला कौल कमी पडेल ती काही आठवड्यांत गुंडाळली जाई. म्हणजे बारा-चौदा वर्षांची मुले दर आठवड्याला कथांचे आयुष्य ठरवत होती. ह्याच लेखक-चित्रकार जोडीने पुढे ‘बाकुमान’ ही चित्रकथा ह्याच धंद्यावर लिहिली आणि तीत ह्या कौलाची धास्ती छान रंगवली आहे. एक मुलगा वहीत नावे लिहून माणसांचा निकाल लावतो ही कथा, आणि एक मुलगा कार्डावर नावे लिहून कथांचा निकाल लावतो हा तिचा वाचक. गंमत आहे की नाही?

आता थोडा जुना इतिहास. मृत्युदेवाला जपानीत ‘शिनिगामी’ म्हणतात. हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिकामात्सूच्या नाटकांत सापडतो. मेइजी काळात सान्युतेई एन्चो ह्या प्रसिद्ध कथेकर्‍याने ‘शिनिगामी’ नावाची गोष्ट रंगवली, तिचे मूळ युरोपातल्या एका लोककथेत आहे. म्हणजे हा देव काहीसा उशिरा आलेला पाहुणा. वहीची कल्पना मात्र आपल्या ओळखीची. आपला यम बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे ‘एन्मा’ झाला. त्याच्याकडेही माणसांच्या पापपुण्याची वही आहे, ‘एन्माचो’. आपण चित्रगुप्ताची वही म्हणतो तीच. आणि आमच्या पेशाच्या मंडळींनी जरूर ऐकावे अशी गोष्ट म्हणजे, शिक्षकांच्या गुण नोंदवायच्या वहीलाही जपानी बोलीत ‘एन्माचो’च म्हणतात! मी तशा बत्तीस वह्या भरल्या. मुले त्या वहीकडे कोणत्या नजरेने पाहत असत, हे मला चांगले आठवते.

असो. वाचकांकडे वळते.

पहिला मोठा वाद अर्थातच किरा बरोबर की चूक हा. जपानमधला तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९९५ साली ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. १९९७ साली कोबे शहरात चौदा वर्षांच्या मुलाने दोन मुलांचे खून केले. त्यानंतर २००० साली बालगुन्हेगारांचा कायदा बदलून फौजदारी शिक्षा देता येण्याचे किमान वय सोळावरून चौदावर आणले गेले. २००४ सालच्या सरकारी पाहणीत ८१.४ टक्के लोकांनी फाशीची शिक्षा असावी असे म्हटले. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. गंभीर खटल्यांत तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिकांनी बसायचे. तो अमलात आला २००९ साली. ह्या कथेवर तावातावाने भांडणारी पोरे वयात येताच खरोखरच्या न्यायासनावर बसायला पात्र ठरली. तेव्हा किराची बाजू घेणार्‍या वाचकांना निर्दय म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ते म्हणतात, कायदा पोचत नाही तिथे हा पोचला, गुन्हे कमी झाले, मग काय बिघडले? दुसर्‍या बाजूचे वाचक म्हणतात, दुसरा भाग नीट वाचा. आपल्या मागावर आलेल्या एफबीआयच्या बारा माणसांना तो मारतो. त्यांनी कोणता गुन्हा केला होता?

ह्या वादात मी तटस्थ नाही. घरच्या मंडळींना माहीतच आहे, इतरांसाठी सांगते. १९८८ साली आमच्या थोरल्या भावाला, आप्पाला, ट्रकने उडवले. खटला अकरा वर्षे चालला. ट्रकच्या केबिनमध्ये दोघे होते, ड्रायव्हर आणि क्लीनर. त्या वेळी गाडी नक्की कोण चालवत होते, ह्यावर साक्षीदारांचे एकमत होईना. शेवटी संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. वहिनींनी निकाल ऐकला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या अकरा वर्षांत अशी वही हाताशी असती तर? किराच्या बाजूने बोलणार्‍या वाचकांचे म्हणणे मला आतून कळते ते ह्यामुळे. माझा राग अजून गेलेला नाही. पण वही पुढ्यात ठेवून कोणी पेन हातात दिले, तर त्या दोघांपैकी कोणाचे नाव लिहायचे हे मला आजही सांगता येणार नाही. नाव तर एकच लिहायचे आणि ते खोडता यायचे नाही.

दुसरा वाद एलच्या मृत्यूचा. १०८ प्रकरणांपैकी ५८व्या प्रकरणात एल मरतो आणि त्याच्या जागी निअर आणि मेलो अशी दोन मुले येतात. कथा तिथेच संपायला हवी होती असे म्हणणारे वाचक आजही भेटतात. आमची नात त्यांपैकीच. तिच्या मते पुढचे सगळे पाणी घातलेल्या आमटीसारखे आहे. २००६ साली निघालेल्या जपानी चित्रपटांनी हाच सूर ओळखला असावा. त्यांत एल स्वतःचे नाव आधीच वहीत लिहून आपले मरण तेवीस दिवसांनंतरचे ठरवतो आणि लाइटला हरवूनच जातो. पुष्कळांना हा शेवट अधिक समाधानाचा वाटतो. मला उत्तरार्धच महत्त्वाचा वाटतो. बरोबरीचा विरोधक गेल्यावर लाइटला अडवणारे कोणी उरत नाही, आणि कोणी अडवत नाही तेव्हा माणूस कसा होतो ते आपल्याला दिसते. इतिहासात ह्याचे दाखले हवे तेवढे आहेत.

तिसरा वाद शेवटाचा. निअर लाइटला पकडतो आणि र्‍यूक शांतपणे लाइटचेच नाव आपल्या वहीत लिहितो. पण शेवटच्या प्रकरणात मात्सुदा नावाचा साधाभोळा पोलीस शंका काढतो की निअरने जिंकण्यासाठी स्वतःच वही वापरून किराच्या साथीदाराला हलवले नसेल ना? लेखकाने उत्तर दिलेले नाही आणि वाचक अजून भांडत आहेत. न्यायाची बाजू जिंकली तरी तिचे हात स्वच्छ होते का, ह्या शंकेवर मुलांची गोष्ट संपते.

ज्यांनी पुस्तक वाचले की नाही कोण जाणे, त्यांचीही मते ह्या इतिहासात आहेतच. चीनमधल्या शेनयांग शहरात २००५ साली शाळांनी ‘डेथ नोट’वर बंदी आणली, कारण मुले तसल्या वह्या बनवून त्यांत शत्रूंची आणि शिक्षकांचीही नावे लिहीत होती. २०१५ साली चीनच्या संस्कृती मंत्रालयाने बंदी घातलेल्या ३८ जपानी चित्रमालिकांत हीही होती. उलट अमेरिकेत अल्बुकर्कीच्या शालेय समितीने २०१० साली बंदीची मागणी फेटाळली. मी शिक्षिका म्हणून सांगते, ज्या मुलाने माझे नाव वहीत लिहिले असेल त्याची वही मी जप्त केली नसती. त्याला खाली बसवून विचारले असते, काय झाले रे बाळा?

आता शीर्षकातल्या खोडरबराबद्दल. मालिका सुरू होण्याआधी २००३ सालीच ओबा-ओबाता जोडीची एक स्वतंत्र नमुना-कथा छापून आली होती. तिचा नायक लाइट नव्हे, तारो नावाचा लहान शाळकरी मुलगा. आपल्याला छळणार्‍या मुलांची नावे तो सापडलेल्या वहीत लिहितो, ती मरतात आणि तो घाबरतो. मग र्‍यूक त्याला एक खोडरबर देतो. नाव खोडले की मेलेला जिवंत! मालिका लिहिताना लेखकाने हे खोडरबर काढून टाकले. माझ्या मते सगळी कथा ह्या एका निर्णयातून जन्मली. ‘ह्या कथेचा विषय काय?’ असे पुढे विचारल्यावर ओबांनी दिलेले उत्तरही तेच आहे. माणूस मरतो आणि मेलेला परत येत नाही, म्हणून जिवंत असेतो मनापासून जगावे. न्याय-अन्यायावर वाद घालणार्‍या कित्येक वाचकांना हे उत्तर फारच साधे वाटले. मला ते साधे वाटत नाही. आमच्या एन्माचोत चुकून लावलेला लाल शेरा खोडता येत असे, नापास मुलगा पुढच्या वर्षी नव्या वहीत नव्याने येत असे. शिक्षा देणार्‍या कोणाच्याही हाती एवढी सवड असायला हवी, असे मला वाटते.

२०२० साली ह्याच जोडीने आणखी एक छोटी कथा लिहिली. तीत नवा मुलगा वहीने एकालाही मारत नाही, तो ती देशोदेशींच्या सरकारांना लिलावात विकतो! मधल्या वर्षांत जग कुठे गेले ते ह्यावरून पाहा.

मूळ कथेचे शेवटचे चित्र मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लाइट मेला आहे. डोंगरात मेणबत्त्या घेतलेल्या माणसांची रांग चालली आहे आणि एक तरुणी हात जोडून किराची प्रार्थना करते आहे. तो कोण होता, कसा होता, तिला काहीही ठाऊक नाही. तिला न्याय हवा आहे, एवढेच दिसते. तिला हसणे सोपे आहे. पण ती त्या रांगेत येण्याआधी किती वर्षे आणि किती दारांत उभी राहिली असेल, हे विचारायचे काम लेखकाने वाचकांवर सोडले आहे.