नळीपासून आईच्या कुशीपर्यंत

मूल जन्मतांच दूध ओढूं लागतें, त्यांत शिकण्यासारखें काय आहे, असें आपणांस वाटतें. परंतु जें मूल दिवस भरण्यापूर्वीं जन्मास येतें, त्याच्यापुढें हीच गोष्ट पर्वताएवढी उभी राहते. चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें या तीन क्रिया एका तालांत व्हाव्या लागतात. आणि हा ताल गर्भावस्थेच्या सुमारें ३२ ते ३४ व्या आठवड्यापासून हळूहळू जमूं लागतो. त्याआधीं तोंडांत दूध घातलें, तर तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. मग अशा मुलाला जगवावयाचें कसें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा मोठा उद्योग पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहांत झाला. तेथील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनीं १८८० च्या सुमारास, कोंबडीचीं अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन, अशा मुलांसाठीं उबदार पेटी करविली. तिच्या योगानें २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा ६६ वरून ३८ वर आलें. पण ऊब मिळाली तरी पोटाचें काय? त्यासाठीं रबराची बारीक नळी तोंडावाटे जठरांत सोडून तींतून थोडें थोडें दूध देण्याची पद्धति तार्निए यांनीं प्रचारांत आणली.

त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या लक्षांत आणखी एक गोष्ट आली. मूल पेटींत आणि आई दूर, असे कांहीं आठवडे गेले म्हणजे आईचें दूध आटतें. इतकेंच नव्हे, तर मुलाविषयींची तिची ओढही ओसरूं लागते. म्हणून पेटी कांचेची असावी, आईनें येऊन मुलाला पाहावें, आणि दुसऱ्या सुदृढ बालकालाही अंगावर पाजून आपलें दूध टिकवावें, असें त्यांचें सांगणें होतें. १९०० सालीं त्यांचा 'ल नूरिसाँ', म्हणजे 'तान्हें मूल', हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दुर्दैवानें पुढील अर्धशतकांत हा धडा मागें पडला. संसर्गाच्या भीतीनें युरोप-अमेरिकेंतील रुग्णालयांनीं आईला अशा कक्षांच्या दाराबाहेर थांबविलें. नळी निघाल्यावर मुलाच्या तोंडीं प्रथम यावयाची ती बाटली, आणि तीही परिचारिकेच्या हातून. बाटलीनें पिणें सोपें आणि अंगावर पिणें कष्टाचें, असा समज रूढ झाला.

१९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरीं पेट्यांची टंचाई होती. तेव्हां डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांनीं अशीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि दुरावलेली आई पुन्हा जवळ आली. पुढें १९८८ सालीं पॉला मायर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेनें, तींच मुलें बाटलीनें व अंगावर पितांना तपासून, अंगावर पितांना त्यांच्या शरीरांतील प्राणवायूचें मान अधिक स्थिर राहतें, असें दाखविलें. बाटलींतील दूध वाहत राहतें आणि मुलाला श्वासाची उसंत मिळत नाहीं. अंगावर मात्र तें आपल्या गतीनें ओढतें आणि थांबतें.

आपल्याकडेही मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी स्थापिली. आईचें दूध कमी पडलें तरी अशा मुलांना मानवी दूधच मिळावें, हा तिचा हेतु.

आज नळीनें दूध चालू असतांनाच मुलाला आईच्या दूध काढून मोकळ्या केलेल्या स्तनाशीं धरतात. तेथें तें हुंगतें, चाटतें, चोखून पाहतें. अंगावर पिण्याची शक्ति येईपर्यंत वाटी-चमचा, किंवा आपल्या आजीच्या बोंडल्यासारखें चोंचीचें भांडें कामास येतें. मूल हात तोंडाशीं नेऊं लागलें, ओठ चाळवूं लागलें, म्हणजे तें तयार आहे असें समजावें; बोटें फांकलीं, श्वास अडखळला, रंग पालटला, कीं त्वरित थांबून डॉक्टरांना दाखवावें.

ज्या घरीं असें मूल आलें असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं 'आज किती प्यालें?' हा प्रश्न आईला दर तासाला विचारूं नये. तिला मुलाजवळ निवांत बसूं द्यावें. घाईचा घोंट मुलाला घातक ठरतो, आणि दोन-चार आठवड्यांचा हा धीर पुढें सार्थकीं लागतो.