साक्ष देणारे



वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे तुमच्या मुलखात वेगळे सांगायला नको. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली की खानाला सामील व्हा. कारीचे कान्होजी जेधे यांनाही तसे फर्मान आले. कान्होजी आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांपाशी गेले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. पिढ्यान्‌पिढ्यांची देशमुखी त्यांनी दिल्या शब्दासाठी पणाला लावली.

ही गोष्ट स्वराज्याची, धर्माची नव्हे. पण जे आपण खरे मानतो त्यापायी किती सोसायचे, हा प्रश्न धर्माच्या इतिहासातही पुन:पुन्हा येतो. ख्रिस्ती धर्माने त्याला काय उत्तर दिले आणि ते आपल्या मराठी मुलखात कसे कसाला लागले, ते आज पाहू.

ख्रिस्ती लोक धर्मासाठी मेलेल्या माणसाला ‘मार्टर’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ वीर असा नाही, साक्षीदार असा आहे. अरबीतल्या ‘शहीद’ शब्दाच्या मुळाशीही साक्षच आहे. आता साक्षीदाराचे काम काय, ते चावडीवर बसणाऱ्याला ठाऊक असते. त्याने बोलावल्याशिवाय पुढे धावायचे नाही, बोलावल्यावर मागे हटायचे नाही, आणि विचारले तर खरे ते सांगायचे.

रोमच्या राज्यात हा प्रश्न प्रथम आला. इ. स. २५० मध्ये डेशियस बादशहाने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत आजही सापडले आहेत. ज्यांनी नाकारले त्यांतले काही कैदेत पडले, काही मेले. पण पुष्कळांनी भीतीपोटी बळी दिला. काहींनी तर पैसे चारून नुसता दाखला मिळवला. माणसे सगळीकडे सारखीच, नाही का?

त्या वेळी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरी सिप्रियन नावाचा बिशप होता. तो लपून राहिला. लोकांनी त्याला नावे ठेवली. पण एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी निघून जा, असे खुद्द येशूनेच शिष्यांना सांगितलेले होते. आपण होऊन मरणाच्या तोंडी जाणे हे चर्चने पुण्य मानले नाही. छळ ओसरल्यावर डगमगलेली माणसे परत आली. त्यांना दार बंद करावे, असे काही कडवे लोक म्हणत होते. सिप्रियन व त्याचे सोबती यांनी ठरवले की प्रायश्चित्त घेऊन त्यांनी परत यावे. पुढे २५७ साली पुन्हा छळ सुरू झाला. या वेळी सिप्रियन पळाला नाही. त्याने चौकशीला उत्तर दिले आणि त्याचा शिरच्छेद झाला.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मरण शोधायचे नाही. वेळ आली तर खोटे बोलायचे नाही. आणि जो मोडला त्याला कायमचा तोडायचा नाही. चौथी गोष्ट सर्वांत अवघड: मारणाऱ्याचा द्वेष करायचा नाही.

आता आपल्या वसईकडे या. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, तेव्हा सोळाव्या शतकात तेथे गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इकडची. पोरवयातच तो जेझुइट पाद्य्रांबरोबर जपानला गेला आणि तेथली भाषा शिकला. मग त्याने काही काळ व्यापार केला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून राहिला. १५९३ मध्ये त्या संघाची मंडळी जपानला गेली, तेव्हा हाच त्यांचा दुभाष्या होता. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या मनात परक्या धर्मप्रसारकांविषयी संशय होता. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज किनाऱ्याला फुटले आणि धर्मामागून फौज येईल हा संशय बळावला. गोन्सालोसह सव्वीस जण पकडले गेले. त्यांतले बहुतेक जपानी, आणि लहानातला लहान अवघा बारा वर्षांचा. भर थंडीत त्यांना नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांच्यातल्या पाल मिकी या जपानी बंधूने क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळाले. वसईला गोन्सालोचे नाव आजही आहे.

इथवर गोष्ट सोपी वाटते. पण गोव्याकडे वळलो की ती अवघड होते. पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली होती. तेथल्या कुंकळ्ळी गावचे गावकर त्याविरुद्ध उभे राहिले. जुलै १५८३ मध्ये नव्या चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट तेथे गेले. गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांच्यातला रुडॉल्फ आक्वाविवा थोड्याच दिवसांपूर्वी अकबराच्या दरबारात राहून आला होता. मग पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा देऊन त्यांना मारले. १८९३ मध्ये रोमने त्या पाच जेझुइटांना ‘धन्य’ ठरवले. कुंकळ्ळीत आज त्या म्होरक्यांचेही स्मारक आहे, आणि ते असायलाच हवे. आपल्या देवासाठी तेही उभे राहिलेच होते. ज्या धर्माने तीनशे वर्षे छळ सोसला, त्याच्या हाती राज्य आल्यावर त्याने दुसऱ्याचा छळ केला. चौथी गोष्ट राज्यकर्ते विसरले, ती अशी.

प्रत्येक छळात तलवार असतेच असे नाही. गेल्या शतकाआधीच्या महाराष्ट्रात धर्म बदलणाऱ्याची जात जाई, पाणी तुटे आणि वारसाही धोक्यात येई. धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये, असा कायदा १८५० मध्ये झाला. पण कायद्याने घर सांधत नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण त्यांच्या त्यागाविषयी बोलतो. पण लक्ष्मीबाईंचे काय? त्यांनी तर धर्म सोडला नव्हता. तरी नवऱ्यापासून ताटातूट, लोकांचे बोल आणि पदरी लहान मूल हे सारे त्यांच्याच वाट्याला आले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात त्यांनी हे सारे लिहिले आहे, आणि नवल असे की त्यात कोणाविषयी कडवटपणा नाही. उलट जागोजागी हसू आहे. शाळेच्या कपाटात ते पुस्तक असेल तर जरूर काढून वाचा.

तेव्हा गुरुजनहो, वर्गात कोणत्याही धर्माच्या हुतात्म्याची गोष्ट सांगाल, तेव्हा मुलांना एवढे विचारा: त्याने मरण शोधले की ते त्याच्यावर आले? मारणाऱ्याविषयी तो काय म्हणाला? त्याच्यामागे घरात कोणी काय सोसले? आणि त्याच्या माणसांच्या हाती सत्ता आली, तेव्हा ती दुसऱ्याच्या देवाशी कशी वागली? कारीच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या मुलांना हे प्रश्न जड जाणार नाहीत. वतन, शब्द आणि इमान यांच्या गोष्टी ती घरीच ऐकत वाढली आहेत.