दिवा दिसू नये, पान दिसावे

दिव्याचा इतिहास आपण वर्गात बहुधा ज्योतीचा इतिहास म्हणून शिकवतो. पणती, समई, कंदील, गॅसबत्ती, विजेचा बल्ब, ट्यूब आणि एलईडी. प्रत्येक पायरीवर प्रकाश वाढत गेला, एवढेच विद्यार्थ्याच्या लक्षात राहते. या इतिहासाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहते. ती आहे शेडची आणि दांड्याची. वाचणाऱ्याला प्रकाश पानावर हवा असतो, डोळ्यांत नको असतो. ही साधी गोष्ट साधण्यासाठी वास्तुशास्त्रज्ञापासून मोटारीच्या स्प्रिंगा बनवणाऱ्यापर्यंत अनेकांनी डोके चालवले आहे, आणि त्या प्रयत्नांचा एक धागा मुंबईच्या उपनगरात, पवईला येऊन पोहोचतो.

कंदील आणि छताचा बल्ब

महाराष्ट्रात रॉकेलचा दिवा घरोघर पोहोचला तेव्हा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील प्रसिद्ध होता. जमिनीवर बसून वाचणाऱ्याच्या पुढ्यात कंदील ठेवला, की पान आणि डोळे दोन्हींवर सारखाच उजेड पडे. म्हणून काचेला आपल्या बाजूने पुठ्ठ्याचा तुकडा लावण्याची युक्ती लोक करत. शेडचे सारे शास्त्र त्या पुठ्ठ्यात बीजरूपाने आहे. युरोपात १८६० च्या दशकात दांड्यावर वरखाली सरकणारा, शेड असलेला तेलाचा 'विद्यार्थी दिवा' निघाला, तोही याच गरजेतून.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे १८८२ साली आले, आणि शहराला नियमित वीज मिळू लागली ती १९०५ मध्ये. उपनगरांसाठी 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली. अंधेरी-बोरिवलीकडच्या चाळींत आणि बैठ्या घरांत वीज आली, ती बहुधा खोलीच्या मध्यावर वायरला लोंबकळणाऱ्या एका उघड्या बल्बच्या रूपाने.

या बल्बचा थोडा हिशेब करू. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश देतो. तो सर्व दिशांना सारखा पसरला तर त्याची तीव्रता ७०० भागिले ४π, म्हणजे सुमारे ५६ कँडेला होते. बल्ब वहीपासून २ मीटर उंच असेल तर व्यस्त वर्गाच्या नियमाने वहीवर ५६ भागिले ४, म्हणजे १४ लक्स प्रदीपन मिळते. भिंतींवरून परतणारा उजेड धरला तरी आकडा फार वाढत नाही. वर्गखोलीसाठी सुमारे ३०० लक्स असावेत, असे आपली मानके सांगतात. आता तोच बल्ब वहीपासून अर्ध्या मीटरवर आणा. अंतर चौथा हिस्सा झाले, म्हणून प्रदीपन १६ पट, म्हणजे २२४ लक्स झाले. विजेचे बिल तेवढेच राहिले. मग अडचण कोणती? एवढ्या जवळ आलेला उघडा बल्ब डोळ्यांसमोरच येतो.

डोळे का दिपतात?

तीव्र प्रकाशाचा बिंदू नजरेच्या टप्प्यात असला, की त्याचा काही प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि आतल्या द्रवात विखुरतो. दृष्टिपटलावर जणू उजेडाचा पातळ पडदा पसरतो आणि अक्षरे फिकट दिसू लागतात. हॉलडे या संशोधकाने १९२६ साली या पडद्याचे गणित मांडले. डोळ्यावर पडणारे प्रदीपन तेवढेच राहिले, तर पडद्याची तीव्रता दिवा आणि नजरेची रेषा यांमधील कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दिवा १० अंशांवरून ३० अंशांवर नेला तर त्रास नवव्या हिश्शावर येतो. शेड लावून दिवा पूर्ण झाकला तर थेट येणारा त्रास उरतच नाही.

अशा उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, असे सिद्ध झालेले नाही. पण डोळे थकतात, डोके दुखते आणि मूल लवकर वही मिटते. अभ्यासाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

डेन्मार्कची शेड, इंग्लंडची स्प्रिंग

डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेन यांनी १९२० च्या दशकात हा प्रश्न भूमितीने सोडवला. १९२६ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या दिव्याला एकाखाली एक अशा तीन शेडी होत्या. वरची सर्वांत मोठी, खालची सर्वांत लहान. त्यांचा वक्र लॉगरिदमिक सर्पिलाचा होता. सर्पिलाच्या केंद्रातून निघालेली प्रत्येक रेषा या वक्राला एकाच कोनात छेदते. त्यामुळे केंद्राशी ठेवलेल्या दिव्याचा किरण शेडवर कुठेही पडला तरी आपाती कोन तोच राहतो, आणि प्रकाश एकसारखा खाली परततो. बल्ब मात्र कोणत्याही बाजूने दिसत नाही.

हा दिवा सुंदर होता, पण हलवायचा नव्हता. ती उणीव भरून काढली इंग्लंडमधील बाथ येथील जॉर्ज कारवर्डाइन यांनी. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या या अभियंत्याने १९३२ साली, कोणत्याही स्थितीत सोडले तरी तिथेच थांबणाऱ्या हाताचे पेटंट घेतले. रेडिच गावच्या हर्बर्ट टेरी या स्प्रिंग-कारखान्याने त्यावरून 'अँगलपॉइज' दिवा काढला. पहिल्या दिव्याला चार स्प्रिंगा होत्या. १९३५ मध्ये घरगुती वापरासाठी तीन स्प्रिंगांचा दिवा आला. १९३७ मध्ये नॉर्वेच्या याकोबसेन यांनी त्याच तत्त्वावर 'लक्सो' दिवा काढला.

यामागचे तत्त्व नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. दिव्याचे वजन W, हाताची लांबी l आणि हाताने उभ्या रेषेशी केलेला कोन θ असेल, तर वजनाचे बलाघूर्ण W × l × sin θ होते. कोन बदलला की ते बदलते, म्हणून साधा हात खाली कोसळतो. आता बिजागरीच्या सरळ वर a अंतरावर स्प्रिंगचे एक टोक अडकवा आणि दुसरे हातावर b अंतरावर. स्प्रिंग अशी, की तिचा ताण तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात असावा. ताण गुणिले बिजागरीपासूनचे लंब-अंतर म्हणजे स्प्रिंगचे बलाघूर्ण. स्प्रिंगची लांबी गुणिले ते लंब-अंतर ही त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट आहे, म्हणजे a × b × sin θ. म्हणून स्प्रिंगचे बलाघूर्ण k × a × b × sin θ झाले. दोन्ही बाजूंचा sin θ कटतो! k × a × b = W × l एवढे एकदा जुळवले, की हात प्रत्येक कोनात तोललेला राहतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उत्तर जरूर सांगावे.

पवईचा सौर दिवा

वीज मुबलक नसेल तर शेड आणि मान यांचे मोल आणखी वाढते. पवई येथील आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये शाळकरी मुलांसाठी १० लाख सौर अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला. प्रा. चेतन सिंह सोळंकी त्याचे प्रवर्तक होते आणि केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे साहाय्य होते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांतील खेड्यांत स्थानिक लोकांना शिकवून दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती त्यांच्याकडेच सोपवली गेली. सुमारे ५०० रुपयांचा हा दिवा विद्यार्थ्याला १२० रुपयांत मिळे.

या दिव्याला वाकवू तशी वाकणारी मान आहे. तिचे महत्त्व हिशेबाने पाहू. समजा, एलईडीतून १०० ल्युमेन प्रकाश मिळतो. तो चहूकडे उधळला तर अर्ध्या मीटरवर जेमतेम ३२ लक्स मिळतील. तोच सारा प्रकाश ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर टाकला तर सुमारे ३५० लक्स मिळतात. रॉकेलच्या चिमणीशेजारी धूर खात बसणाऱ्या मुलीला यामुळे शहरातल्या वर्गाइतका उजेड तिच्या वहीवर मिळू शकतो. मात्र एलईडीची चकती अगदी लहान, म्हणून तिची झळाळी फार. ती उघडी ठेवली तर जुन्या बल्बपेक्षा जास्त दिपवते. म्हणजे दिवा नवा आला तरी कंदिलाच्या पुठ्ठ्याची गरज संपलेली नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

अभ्यासाच्या जागी उघड्या वहीवर लहान सपाट आरसा ठेवा आणि नेहमीसारखे बसून त्यात पाहा. आरशात दिवा दिसला, तर गुळगुळीत कागदावरून त्याचा उजेड उलटून डोळ्यांत येत आहे. दिवा बाजूला, उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डावीकडे, सरकवावा. मग मान वर करून पाहा. बल्ब दिसत असेल तर शेड खाली ओढा, किंवा पुठ्ठ्याची करून लावा. हीच परीक्षा चकाकणाऱ्या फळ्यासाठीही घेता येते. शेवटच्या रांगेच्या कडेला बसणाऱ्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही तेव्हा दोष नेहमी त्याच्या डोळ्यांचा नसतो. आधी त्याच्या जागेवर बसून फळ्याकडे पाहावे.