झेंडूचे माहेर

गोव्यात काय, इंदुरात काय, दसऱ्याच्या तोरणात आंब्याच्या पानांबरोबर झेंडू हवाच. देवगिरीच्या यादवांच्या दारी मात्र असे तोरण लागणे शक्य नव्हते. या फुलाचे माहेर मेक्सिको. तेथील अझ्टेक लोक त्यास ‘वीस-फूल’ म्हणत. वीस म्हणजे पुष्कळ. मृतांच्या स्मरणदिनी कबरी आजही तेथे याच फुलांनी सजतात. १५२१ साली स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी घेतली, आणि पुढे हे बी समुद्रापार गेले. युरोपीयांनी त्यास ‘आफ्रिकन’ ठरविले, ही त्यांच्या भूगोलाची शोभा!

आपल्याकडे त्यास ना राजाज्ञा लागली, ना शास्त्राधार. परसातून परसात ते पसरले. गोव्यात ते ‘रोजां’ झाले, बडोद्यात ‘गलगोटा’. इंदूरचा ‘गेंदा’, बेळगावच्या कानडीतील ‘चेंडुहूवु’, हैदराबादच्या तेलुगूतील ‘बंती’. तिन्ही नावांत चेंडूच आहे.

वांग्याच्या वाफ्याकडेला झेंडू लावावा, ही बागवानांची शिकवण साधार आहे. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना त्याच्या मुळांतील द्रव्य मारक ठरते. एकेरी फुलांवर मधमाश्या व फुलपाखरेही येतात.

हल्ली रोपवाटिकांतून संकरित झेंडू मिळतो. तो दिमाखदार खरा. पण त्याचे बी धरले तर पुढची पिढी तशी निघत नाही, आणि जुने घरगुती वाण मागे पडत चालले आहेत. ज्यांच्या अंगणात असे वाण असेल त्यांनी दसऱ्याला सारीच फुले तोडू नयेत. दोन-चार झाडावरच वाळू द्यावीत, आणि चिमूटभर बी शेजारीही द्यावे.