शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षण, नागरिकांचे (सातारा व सांगली जिल्हे)

आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर बाळगू इच्छिणाऱ्या सामान्य नागरिकास ते हाताळण्याचे, झाडण्याचे, त्याची निगा राखण्याचे आणि घरात व प्रवासात ते सुरक्षित ठेवण्याचे जे शिक्षण परवान्यापूर्वी घ्यावे लागते, त्यास शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षण म्हणतात. शस्त्र नियम, २०१६ यांनी ते अर्जदारास आवश्यक केले. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. तेव्हापासून अर्जदाराची चालचलणूक आणि निकड यांची चौकशी होत आली, पण चापावर ठेवायच्या बोटास काय ठाऊक आहे, हा प्रश्न फार काळ मागेच राहिला.

कृष्णा-वारणेच्या या मुलखात शस्त्र आणि रयत यांची जी जुनी ओळख होती, ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने तोडली. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत गणला, तो याच सलाच्या स्मरणाने. पुढे तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचा मोठा भाग ज्यात मोडत असे त्या प्रदेशात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने तूफान सेना उभारली आणि कुंडल येथे जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली खेड्यांतील पोरांस कवायतीची शिस्त लावली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागातील गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हुतात्मा झाले आणि दादा स्वतः जखमी झाले. हा वारसा अभिमानाचा खराच. परंतु परसत्तेविरुद्ध उचललेले शस्त्र आणि गृहस्थाच्या कपाटात कुलुपात ठेवलेले शस्त्र यांची नीती एक नव्हे, आणि प्रशिक्षणाचे पहिले प्रयोजन हा भेद मनावर ठसविणे हेच आहे.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे सातारा वा सांगलीच्या जिल्हाधिकारी कचेरीत करावयाचा असतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते आणि पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका इसमास दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली आहे, आणि वरातीत किंवा मिरवणुकीत हर्षाने बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. ९ मिलिमीटरसारखे व्यास सामान्य नागरिकास वर्ज्य असल्याने त्याच्या हाती बहुधा .३२ व्यासाचेच शस्त्र येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर याच व्यासाचे.

शिक्षणाचा प्रारंभ गोळीने होत नाही. रिव्हॉल्व्हर हाती आले की नळी निर्धोक दिशेस वळवावी, बोट चापाबाहेर सरळ ठेवावे, काडतुसांचे चक्र बाजूस काढून सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत, उजेड कमी असल्यास बोटाने चाचपावीत, आणि एवढे करूनही ते भरलेलेच आहे असे समजावे. ही कृती इतक्या वेळा करवून घेतली पाहिजे की झोपेतून उठलेल्या माणसाचा हातही ती चुकू नये. मग मूठ, उभे राहण्याची ढब, श्वास, माशी आणि लक्ष्य यांचा मेळ, झटका न देता चाप दाबणे. कागदी लक्ष्यावर स्थिर बसणारा नेम भयाने थरथरणाऱ्या हातात टिकत नाही, म्हणून एकदा मिळालेल्या प्रमाणपत्रावर आयुष्यभर विसंबणे हे आमच्या मते घातक आहे. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्राबरोबर ते धरणाऱ्या हाताचीही परीक्षा व्हावी. नेमबाजीच्या क्रीडेत शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पिस्तुलात जे यश मिळविले, त्यामागे अशाच अखंड सरावाचे बळ आहे.

कायद्याचे ज्ञान हे या शिक्षणाचे दुसरे आणि अधिक दुर्लक्षित अंग होय. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाचा अधिकार देतात, पण सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल तेथे तो उरत नाही आणि बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो कधीच पोचत नाही. पळत्या चोराच्या पाठीवर झाडलेली गोळी म्हणूनच गृहस्थाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकते.

जावळी, पाटण, शिराळा या डोंगरी तालुक्यांत शस्त्र म्हणजे पिस्तूल नव्हे, तर पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे गजाने ठासून, मागे टोपी बसवून ती झाडतात. रानडुकरांनी उभे पीक एका रात्रीत लोळविलेल्या शेतकऱ्याची तिच्याविषयीची ओढ रास्त आहे. मात्र वन्यजीव कायद्याने संरक्षिलेल्या प्राण्यास, उदाहरणार्थ उसात दडलेल्या बिबट्यास, मारण्याची मुभा या परवान्याने मिळत नाही. ठासलेली बंदूक रिकामी करणे हे ती भरण्याहून कठीण असल्यामुळे रात्रीच्या राखणीवरून परतणाऱ्या शेतकऱ्याने ती तशीच घरात आणून मुलांच्या हाताशी भिंतीला टेकवू नये, टोपी शेतातच काढून खिशात घालावी, हा धडा त्याला प्रथम द्यावा लागतो.